फायरवॉलमधील प्रवेश-नियंत्रण दोष

फायरवॉलमधील प्रवेश-नियंत्रण दोष : संगणकांच्या एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाणाऱ्या-येणाऱ्या संदेशांची तपासणी करून त्यांना वाट देणाऱ्या किंवा अडविणाऱ्या यंत्रणेस फायरवॉल म्हणतात. कोणास, कोठून, कोणत्या कामासाठी आणि किती अधिकाराने आत येऊ द्यावयाचे याचा निर्णय करणे म्हणजे प्रवेश-नियंत्रण होय. हा निर्णय करणाऱ्या आज्ञावलीत रचनेची, लेखनाची वा अर्थ लावण्याची एखादी उणीव राहिली आणि तिचा फायदा घेऊन अनधिकृत व्यक्तीस नियमांना बगल देता आली, तर त्या उणिवेस प्रवेश-नियंत्रण दोष असे म्हणतात. असा दोष कोणत्याही आज्ञावलीत असू शकतो. परंतु फायरवॉलमध्ये तो आढळल्यास त्याचे गांभीर्य अधिक असते. इतर यंत्रांतील उणिवा बाहेरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणूनच फायरवॉल बसविलेली असते आणि तिच्यामागील यंत्रे तिच्या भरवशावर काहीशी सैल ठेवलेली असतात. वेशीवरचा पहारेकरीच फसला, म्हणजे तटबंदी कितीही उंच असली तरी तिचा उपयोग होत नाही.

फायरवॉल हा शब्द बांधकामाच्या परिभाषेतून आलेला आहे. इमारतीच्या एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून मध्ये जी जाड भिंत बांधतात, तिचे हे नाव. मराठीत ‘अग्निभिंत’ असा शब्दशः पर्याय देता येतो. तथापि व्यवहारात फायरवॉल हाच शब्द रूढ झालेला आहे. भिंत आणि ही यंत्रणा यांत एक महत्त्वाचा फरक आहे. भिंत सर्वांनाच अडविते. फायरवॉलला मात्र काहींना अडवून काहींना सोडावयाचे असते. तिच्यातील बहुतेक दोष या निवडीच्या कामातून उद्भवतात.

कार्यपद्धती : जाळ्यातून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांच्या स्वरूपात पाठविली जाते. प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात प्रेषकाचा पत्ता, ग्राहकाचा पत्ता, संदेशवहनाच्या नियमांचा (प्रोटोकॉलचा) प्रकार आणि पोर्ट क्रमांक इ. तपशील असतो. पोर्ट क्रमांकावरून संदेश कोणत्या सेवेसाठी आहे ते कळते, उदा., टपाल स्वीकारणाऱ्या सर्व्हरसाठी २५, तर सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३ हा क्रमांक ठरलेला आहे. फायरवॉलजवळ नियमांची एक क्रमवार यादी असते. आलेले पॅकेट या यादीशी वरून खाली ताडून पाहिले जाते आणि बहुतेक फायरवॉलमध्ये जो नियम प्रथम जुळेल तो लागू केला जातो. यादीच्या शेवटी सामान्यतः ‘वरीलपैकी काहीही न जुळल्यास अडवा’ असा नियम असतो.

नियमांचा क्रम येथे निर्णायक ठरतो. समजा, तिसऱ्या नियमाने शाखा-कार्यालयाकडून येणाऱ्या सर्व पॅकेटांना वाट दिली आणि सातव्या नियमाने त्याच कार्यालयास वेतनपत्रकाच्या सर्व्हरकडे जाण्यास मनाई केली. तर सातवा नियम कधीच लागू होणार नाही, कारण तिसऱ्याशीच तपासणी थांबेल. अशा नियमास झाकलेला नियम म्हणता येईल. यादी वाचणाऱ्यास मनाईचा नियम दिसतो व तो निर्धास्त होतो. प्रत्यक्षात दार उघडेच असते.

आरंभीच्या फायरवॉल प्रत्येक पॅकेटचा स्वतंत्रपणे विचार करीत. नंतरच्या फायरवॉल चालू संभाषणांची नोंद ठेवू लागल्या. आतील संगणकाने बाहेर काही विचारले असेल, तर त्याचे उत्तर तेवढे आत सोडावयाचे आणि न विचारता आलेले पॅकेट अडवावयाचे, ही पद्धत त्यामुळे शक्य झाली. तीस अवस्थाधारित तपासणी म्हणतात.

दोष समजण्यासाठी फायरवॉलचे दोन मार्ग वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला वाहतुकीचा मार्ग होय. इतरांची पॅकेटे या मार्गाने तिच्यातून आरपार जातात. दुसरा व्यवस्थापनाचा मार्ग होय. नियम बदलणे, नवे वापरकर्ते नोंदविणे, नोंदवह्या पाहणे इ. कामांसाठी प्रशासक या मार्गाने खुद्द फायरवॉलमध्ये प्रवेश करतो. पहिल्या मार्गावर दोष असेल, तर एखादे नको असलेले पॅकेट आत शिरते. दुसऱ्या मार्गावर दोष असेल, तर नियम लिहिण्याची लेखणीच परक्याच्या हाती जाते.

ऐतिहासिक आढावा : १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इंटरनेट हे मुख्यतः विद्यापीठे व संशोधनसंस्था यांचे जाळे होते आणि परस्परविश्वास हा त्याचा पाया होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडण्यात आलेल्या ‘मॉरिस वर्म’ या आपोआप पसरणाऱ्या आज्ञावलीने हजारो संगणक ठप्प केले; ही संख्या सुमारे ६,००० असावी, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. या घटनेनंतर जाळ्याच्या सीमेवर पहारा बसविण्याच्या विचारास गती मिळाली. पॅकेटांची निवड करणाऱ्या राउटरवरील आज्ञावली याच सुमारास तयार झाल्या. एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत विल्यम चेझविक यांनी उभारलेल्या सुरक्षित प्रवेशद्वाराचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. चेझविक व स्टीव्हन बेलोव्हिन यांचा फायरवॉलवरील ग्रंथ १९९४ मध्ये निघाला आणि तो या विषयातील आधारग्रंथ ठरला. त्याच वर्षी चेक पॉइंट या इझ्राएली कंपनीने अवस्थाधारित तपासणी करणारी ‘फायरवॉल-१’ ही आज्ञावली बाजारात आणली. लिनक्स या संगणक-प्रणालीत अवस्थाधारित तपासणीची सोय जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीपासून समाविष्ट झाली.

पुढील काळात फायरवॉलवर एकामागून एक कामे सोपविण्यात आली. दूरस्थ कर्मचाऱ्यांसाठी कूटबद्ध वाट (व्हीपीएन) पुरविणे, विषाणू शोधणे, संकेतस्थळांची वर्गवारी करणे, ब्राउझरमधून चालविता येणारे व्यवस्थापन-पृष्ठ दाखविणे इ. कामांमुळे तिची आज्ञावली अवाढव्य झाली. पहाऱ्याच्या चौकीतच कचेरी, कोठार आणि अतिथिगृह थाटावे, तशी ही स्थिती आहे. अलीकडील गंभीर दोष बव्हंशी या वाढीव भागांत आढळून आले आहेत.

तात्त्विक पाया : प्रवेश-नियंत्रणाची तत्त्वे फायरवॉलपेक्षा जुनी आहेत. बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये सारणीची कल्पना मांडली. सारणीच्या ओळींत व्यक्ती वा आज्ञावली, स्तंभांत वस्तू आणि प्रत्येक घरात त्या व्यक्तीचे त्या वस्तूवरील अधिकार, अशी ही मांडणी आहे. फायरवॉलची नियमावली हे या सारणीचेच एक संक्षिप्त रूप होय. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी वायुदलासाठी केलेल्या अहवालात पहारा करणाऱ्या यंत्रणेसाठी तीन अटी सांगितल्या : तिला वगळून कोणताही व्यवहार होता कामा नये, तिच्यात कोणास फेरफार करता येऊ नये, आणि ती इतकी लहान असावी, की तिची संपूर्ण तपासणी करता यावी. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संरक्षणाच्या रचनेची आठ तत्त्वे मांडली. त्यांपैकी तीन येथे विशेष लागू पडतात : (१) परवानगी स्पष्टपणे दिलेली नसेल, तर नकार गृहीत धरावा, (२) प्रत्येक मागणीची प्रत्येक वेळी तपासणी व्हावी, (३) प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा.

फायरवॉल जाळ्याच्या एकमेव वेशीवर उभी असल्यामुळे अँडरसन यांची पहिली अट पॅकेटांच्या बाबतीत पुष्कळशी पूर्ण होते. तिसरी अट मात्र आधुनिक फायरवॉल पूर्ण करू शकत नाही. लक्षावधी ओळींच्या आज्ञावलीची संपूर्ण तपासणी करणे व्यवहारात शक्य नसते. तिसरी अट ढासळली, की दुसरी अटही डळमळू लागते. कारण न तपासलेल्या भागातूनच फेरफाराची वाट निघते.

प्रवेश-नियंत्रणाच्या दोन पायऱ्या असतात. मागणी करणारा तो म्हणवितो तोच आहे काय, हे पाहणे ही ओळख-पडताळणी आणि त्याला मागितलेली गोष्ट करण्याचा हक्क आहे काय, हे पाहणे ही अधिकार-निश्चिती होय. काटेकोरपणे पाहता या दोन पायऱ्यांवरील दोष भिन्न आहेत. तथापि त्यांचा परिणाम एकच असल्याने त्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

दोषांचे प्रकार : (१) नियमावलीतील चुका : हा आज्ञावलीचा दोष नसून ती चालविणाऱ्याची चूक असते. झाकलेले नियम, तात्पुरते म्हणून घातलेले व नंतर काढावयाचे राहिलेले नियम, ‘कोठूनही कोठेही’ अशी सरसकट परवानगी ही त्याची उदाहरणे होत. आव्हिशाय वूल यांनी २००४ मध्ये ३७ नियमावल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नियमावली जितकी गुंतागुंतीची तितक्या चुका अधिक, असे त्यात दिसून आले.

(२) पॅकेटाचा अर्थ लावण्यातील दोष : फायरवॉल पॅकेटाचा एक अर्थ लावते आणि ज्याच्यासाठी ते पॅकेट आहे तो संगणक दुसरा अर्थ लावतो, अशा विसंगतीतून हे दोष निर्माण होतात. सूक्ष्म खंडांचा हल्ला हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. मोठे पॅकेट वाटेत तुकडे करून पाठविण्याची सोय इंटरनेटच्या मूळ नियमांतच आहे. या तुकड्यांचे स्थान आठ-आठ बाइटांच्या मापाने सांगितले जाते; त्यामुळे पहिल्या तुकड्यात पुढील शीर्षाचे केवळ आठच बाइट ठेवणे शक्य होते. या आठ बाइटांत दोन पोर्ट क्रमांक व अनुक्रमांक एवढेच मावतात. संभाषण नवे की चालू, हे सांगणाऱ्या खुणा चौदाव्या बाइटात असल्याने त्या दुसऱ्या तुकड्यात ढकलल्या जातात. नवी संभाषणे अडविण्याचा नियम असलेली फायरवॉल पहिल्या तुकड्यात खूण शोधते, तिला ती सापडत नाही व ती तुकडा सोडून देते. पुढील तुकड्यांत शीर्षाचा आरंभ नसल्याने त्यांची तपासणीच होत नाही. आतील संगणक तुकडे जोडतो आणि मनाई असलेली मागणी त्याच्यापुढे अखंड उभी राहते. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १८५८ या टिपणात या हल्ल्याचे व त्यावरील उपायाचे विवेचन आहे. प्रमाणाबाहेर लहान असलेला पहिला तुकडा टाकून देणे आणि शीर्षाच्या मध्यापासून सुरू होणारा तुकडा नाकारणे, हा तो उपाय होय.

असाच दुसरा प्रकार धारिका पोहोचविण्याच्या एफटीपी या सेवेच्या संदर्भात २००० च्या आरंभी उघडकीस आला. या सेवेत सर्व्हर ‘२२७’ या क्रमांकाने सुरू होणाऱ्या उत्तरात एक पोर्ट क्रमांक कळवितो आणि ग्राहक त्या पोर्टवर दुसरी जोडणी करतो. फायरवॉल हे उत्तर वाचून तेवढे पोर्ट तात्पुरते उघडते. हल्लेखोर सर्व्हरला मुद्दाम चुकीची आज्ञा देत असे. सर्व्हर ती आज्ञा जशीच्या तशी उद्धृत करून चूक कळवी आणि पॅकेटाची लांबी हल्लेखोराने आधीच मर्यादित केलेली असल्याने उद्धृत मजकूर बरोबर नव्या पॅकेटाच्या आरंभी येई. त्या मजकुरातील ‘२२७’ पाहून फायरवॉल त्यास सर्व्हरचे खरे उत्तर समजे व हल्लेखोराने सांगितलेले पोर्ट उघडून देई. येथे बोल हल्लेखोराचे होते. परंतु ते विश्वासू सर्व्हरच्या तोंडून वदविले गेले होते. ‘फायरवॉल-१’ या आज्ञावलीत हा दोष आढळला आणि तो नंतर दुरुस्त करण्यात आला.

(३) व्यवस्थापन-मार्गावरील दोष : व्यवस्थापन-पृष्ठ अनेक घटकांच्या साखळीतून चालते. पुढचा घटक मागणी स्वीकारतो, ओळख तपासतो आणि मागच्या घटकाकडे ती पाठवितो. पुढच्याने तपासलेच असेल, असे मागचा गृहीत धरतो. ही खात्री कळविण्यासाठी मागणीला एखादी चिठ्ठी जोडलेली असते. ती चिठ्ठी बाहेरच्या माणसालाही जोडता येत असेल आणि मागचा घटक ती कोणी जोडली हे पाहत नसेल, तर ओळख-पडताळणी नावापुरतीच उरते. सॉल्ट्झर व श्रोडर यांच्या दुसऱ्या तत्त्वाचा भंग तो हाच.

(४) अंतर्भूत चोरवाटा : आज्ञावलीतच कायमचा लिहून ठेवलेला परवलीचा शब्द वा गुप्त खाते हा प्रकार यात मोडतो. तो कधी उत्पादकाच्या सोयीसाठी ठेवलेला असतो, तर कधी घातपाताने घुसविलेला असतो.

उल्लेखनीय घटना : ज्युनिपर नेटवर्क्स या अमेरिकी कंपनीने १७ डिसेंबर २०१५ रोजी आपल्या ‘स्क्रीनओएस’ या फायरवॉल-प्रणालीत अनधिकृत मजकूर आढळल्याचे जाहीर केले. ६.३.० या आवृत्तीच्या काही उपावृत्त्यांत एक ठरावीक परवलीचा शब्द दिल्यास कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने पूर्ण अधिकारासह प्रवेश मिळत होता. हा शब्द अशा चिन्हांचा बनविलेला होता, की आज्ञावली वाचणाऱ्यास तो प्रणालीतील चाचणीचा एखादा नेहमीचा मजकूर वाटावा. याच वेळी कूटबद्ध वाटेवरील संदेश उकलता येतील असा दुसरा, स्वतंत्र दोषही जाहीर झाला. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर जुनी व नवी आवृत्ती ताडून तो परवलीचा शब्द बाहेरच्या अभ्यासकांनी काही दिवसांतच शोधून काढला. दुरुस्ती जाहीर होणे हेच न दुरुस्त केलेल्या यंत्रांसाठी संकट ठरते, हे या घटनेने स्पष्ट झाले.

फोर्टिनेट कंपनीच्या ‘फोर्टिओएस’ प्रणालीतील दोष (सीव्हीई-२०२२-४०६८४) ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाला. फायरवॉलच्या अंतर्गत भागांकडून येणाऱ्या मागण्यांना ओळख-पडताळणीतून सूट होती आणि मागणी आतून आली की बाहेरून, हे तिच्यासोबतच्या शीर्षमजकुरावरून ठरविले जात होते. हा मजकूर पाठविणाराच लिहीत असल्याने, आपण १२७.०.०.१ या, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच, पत्त्यावरून बोलत असल्याचे बाहेरच्या हल्लेखोरास भासविता आले. त्या आधारे प्रशासकाच्या खात्यास स्वतःची किल्ली जोडून घेता येत असे. या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. २०२२ मध्ये या दोषाच्या आधारे चोरलेल्या १५,००० हून अधिक यंत्रांच्या मांडणीची माहिती जानेवारी २०२५ मध्ये एका टोळीने खुली केली. तीत नियमावल्या तर होत्याच, शिवाय परवलीचे शब्दही होते. ज्या संस्थांनी दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती बसविली, परंतु परवलीचे शब्द बदलले नाहीत, त्या तोपर्यंत असुरक्षितच राहिल्या होत्या.

सॉनिकवॉल कंपनीच्या ‘सॉनिकओएस’ प्रणालीतील दोष (सीव्हीई-२०२४-४०७६६) २२ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर झाला. त्याची नोंद ‘अयोग्य प्रवेश-नियंत्रण’ याच सदराखाली झालेली असून तीव्रता १० पैकी ९.३ धरण्यात आली. पाचव्या व सहाव्या पिढीतील यंत्रे आणि सातव्या पिढीतील ७.०.१-५०३५ व तत्पूर्वीच्या आवृत्त्या यांत तो होता. व्यवस्थापन-मार्गाने अनधिकृत प्रवेश मिळणे आणि विशिष्ट परिस्थितीत फायरवॉल बंद पडणे, असे त्याचे दोन परिणाम सांगण्यात आले. कूटबद्ध वाट पुरविणारा भागही दोषग्रस्त असल्याचे ६ सप्टेंबर रोजी कळविण्यात आले. ‘अकिरा’ या खंडणीखोर आज्ञावलीच्या टोळीने अशा यंत्रांतून प्रवेश मिळविल्याचे सुरक्षा-अभ्यासकांना आढळले. २०२५ च्या उन्हाळ्यात अशा हल्ल्यांची नवी लाट आली, तेव्हा प्रथम नवा दोष असल्याचा संशय घेतला गेला. परंतु हल्ल्यांचा संबंध जुन्याच दोषाशी असल्याचे कंपनीने सांगितले. सहाव्या पिढीचे यंत्र बदलून सातव्या पिढीचे बसविताना जुन्या खात्यांचे परवलीचे शब्द जसेच्या तसे नेण्यात आले होते. कुलूप नवे आणि किल्ली मात्र जुनीच, असा हा प्रकार झाला.

पालो आल्टो नेटवर्क्स कंपनीच्या ‘पॅन-ओएस’ प्रणालीतील दोष (सीव्हीई-२०२४-००१२) १८ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर झाला. ओळख-पडताळणी करावयाची किंवा नाही, हे आतील घटकास कळविणारा शीर्षमजकूर बाहेरून आलेल्या मागणीतूनही स्वीकारला जात होता. तपासणी बंद असल्याचे मागणीनेच सांगितले, की तपासणी होत नसे. एका सोबतच्या दोषाशी याची सांगड घालून हल्लेखोर सर्वाधिकार मिळवीत. त्या आठवड्यात सुमारे २,००० यंत्रे बाधित झाल्याचे पाहणीत दिसून आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच प्रणालीच्या व्यवस्थापन-पृष्ठात आणखी एक दोष (सीव्हीई-२०२५-०१०८) आढळला. मागितलेल्या पृष्ठाचा सांकेतिक रूपातील पत्ता एक घटक एकदाच उकलत असे व दुसरा पुन्हा उकलत असे. त्यामुळे पहिल्याला निरुपद्रवी वाटलेला पत्ता दुसऱ्याकडे संरक्षित पृष्ठाचा पत्ता ठरे. १९९५ च्या सूक्ष्म खंडांमागे जे तत्त्व होते, तेच येथे तीस वर्षांनंतर वेगळ्या रूपात दिसते.

परिणाम : फायरवॉलवर ताबा मिळविणाऱ्यास जाळ्याचा आराखडा, वापरकर्त्यांची खाती आणि आतील यंत्रांकडे जाण्याची वाट एकदमच मिळते. तो नियम बदलू शकतो, स्वतःसाठी कायमची वाट ठेवू शकतो आणि नोंदवहीतील आपल्या खुणा पुसू शकतो. सामान्य संगणकावर विषाणूशोधक आज्ञावली बसविता येते. फायरवॉलवर मात्र तशी सोय बहुधा नसते, म्हणून अशी घुसखोरी दीर्घकाळ ध्यानात येत नाही. तिच्यामागून येणारे संकट बहुधा खंडणीचे असते : धारिका कूटबद्ध करून अडकवून ठेवल्या जातात आणि त्या सोडविण्यासाठी पैसा मागितला जातो. रुग्णालयाची कागदपत्रे, नगरपालिकेची देयके वा कारखान्याचे उत्पादन अशा हल्ल्यात ठप्प होऊ शकते. लहान संस्थांना याची झळ विशेष बसते. कारण एकदा बसवून दिलेल्या फायरवॉलकडे नियमितपणे पाहणारा माणूस त्यांच्याजवळ पुष्कळदा नसतो.

नोंदणी व मापन : दोषांना सामाईक क्रमांक देण्याची ‘सीव्हीई’ पद्धती अमेरिकेतील मायटर या संस्थेने १९९९ मध्ये सुरू केली. क्रमांकातील पहिली संख्या वर्षाची व दुसरी अनुक्रमाची असते. दोषाची तीव्रता ० ते १० या मापनश्रेणीवर सांगतात. ९ व त्यावरील दोष अतिगंभीर समजले जातात. मात्र हे माप दोषाचे असते, धोक्याचे नव्हे. ज्याचा वापर प्रत्यक्ष सुरू झाला आहे असा मध्यम दोष, कागदावरच्या अतिगंभीर दोषापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. म्हणून प्रत्यक्ष वापरात आलेल्या दोषांची वेगळी सूची अमेरिकी शासनाच्या सिसा या संस्थेने नोव्हेंबर २०२१ पासून ठेवण्यास प्रारंभ केला. भारतात हे काम ‘सर्ट-इन’ ही केंद्र शासनाची संस्था जानेवारी २००४ पासून करीत असून ती वेळोवेळी इशारे प्रसिद्ध करते. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार निर्दिष्ट प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे आणि नोंदवह्या १८० दिवस जतन करणे बंधनकारक करण्यात आले.

प्रतिबंधक उपाय : सर्वांत परिणामकारक उपाय साधा आहे. व्यवस्थापनाचा मार्ग इंटरनेटवर उघडा ठेवू नये. वर वर्णन केलेले व्यवस्थापन-पृष्ठांतील दोष त्या पृष्ठापर्यंत पोहोचता आले, तरच उपयोगी पडतात. हा मार्ग स्वतंत्र अंतर्गत जाळ्यात ठेवून ठराविक संगणकांनाच खुला केल्यास दोष असूनही धोका पुष्कळ कमी होतो. अमेरिकेच्या केंद्रीय कार्यालयांना सिसाने १३ जून २०२३ रोजी दिलेल्या आदेशात असे उघडे मार्ग लक्षात आल्यापासून १४ दिवसांच्या आत बंद वा संरक्षित करण्यास सांगितले होते.

दुसरा उपाय दुरुस्त्या विनाविलंब बसविण्याचा होय. फायरवॉल थोडा वेळ बंद ठेवावी लागेल या भीतीने हे काम लांबणीवर टाकले जाते. परंतु दुरुस्ती जाहीर झाल्यापासून ती बसेपर्यंतचा काळ हाच सर्वाधिक धोक्याचा असतो. दोषाचा वापर आधीच सुरू झालेला असल्यास दुरुस्ती पुरेशी नसते. परवलीचे सर्व शब्द व किल्ल्या बदलणे, अनोळखी खाती शोधून काढणे, नियमावली पूर्वीच्या प्रतीशी ताडून पाहणे आणि संशय असल्यास प्रणाली पुन्हा नव्याने बसविणे आवश्यक असते. उत्पादकाने सुधारणा देणे बंद केलेली जुनी यंत्रे सेवेतून काढावी लागतात.

याखेरीज प्रशासकाच्या प्रवेशासाठी परवलीच्या शब्दाबरोबर दुसरी खूणही आवश्यक करणे, नोंदवह्यांची प्रत फायरवॉलबाहेरच्या यंत्रावर पाठविणे, नियमावलीचे ठराविक काळाने परीक्षण करून प्रत्येक नियमाचे कारण व त्यास जबाबदार असलेली व्यक्ती लिहून ठेवणे, हे उपाय रूढ आहेत. नोंदवहीची प्रत बाहेर असेल, तर घुसखोरास मूळ नोंदी पुसता आल्या तरी पुरावा शिल्लक राहतो. उत्पादकांच्या बाजूने पाहता, बाहेरून आलेला कोणताही मजकूर अंतर्गत विश्वासाची खूण म्हणून न स्वीकारणे आणि ओळख-पडताळणी एकाच ठिकाणी न ठेवता प्रत्येक घटकात करणे, ही पथ्ये महत्त्वाची आहेत.

सीमेवर एकच पहारा बसवून आतील सर्वांवर विश्वास ठेवावा, या कल्पनेचाच फेरविचार २०१० नंतर होऊ लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रविज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ‘शून्य विश्वास’ या रचनेचे विवरण आहे. जाळ्यातील स्थानावरून कोणालाही विश्वासार्ह न मानता प्रत्येक मागणीची स्वतंत्र तपासणी करावी, असे तीत अभिप्रेत आहे. या रचनेत फायरवॉल अनावश्यक ठरत नाही. तिच्यातील एका दोषामुळे सर्व जाळे उघडे पडत नाही, इतकेच. अशा रचनेत तपासणी करणारी यंत्रणाही शेवटी आज्ञावलीच असते. त्यामुळे ती लहान, सुटसुटीत व तपासता येण्याजोगी असावी, ही १९७२ ची अट तिलाही तितकीच लागू आहे.